बोलता बोलता ऐकण्याची विद्या

'श्रावक' या शब्दाचा मूळ अर्थ ऐकणारा. व्याख्यानाला बसलेल्या श्रावकाला पहिली मर्यादा पाळावी लागते ती मौनाची. स्वतः बोलत असताना दुसऱ्याचे शब्द कानी पडत नाहीत. बिनतारी यंत्रांनाही हाच नियम दीर्घकाळ बांधून राहिला. पनवेलच्या बाजारपेठेत गल्ल्यावर बसलेला व्यापारी मोबाइलवर वाशीच्या घाऊक बाजारातील भाव विचारतो आणि त्याच क्षणी पलीकडचे बोलणेही ऐकतो. त्याला त्यात नवल वाटत नाही. परंतु हे साधण्यासाठी अभियंत्यांना अनेक युक्त्या योजाव्या लागल्या, आणि त्या प्रयत्नांच्या इतिहासात महाराष्ट्रातील दोन गावांना मानाचे स्थान आहे: दौंड आणि इचलकरंजी.

प्रश्न किती अवघड आहे, हे जमाखर्चाच्या भाषेत चटकन ध्यानी येते. मोबाइल बोलतो तेव्हा त्याच्यातून अधिकाधिक सुमारे एक पंचमांश वॅट शक्तीच्या लहरी बाहेर पडतात. दूरच्या टॉवरकडून त्याच्यापर्यंत पोहोचणारी लहर मात्र कित्येकदा एका वॅटचा दहा लाख कोटीवा भाग असते. म्हणजे जाणारे आणि येणारे यांचे प्रमाण दोन लाख कोटींस एक असे झाले. ज्या खतावणीत नावेच्या बाजूला दोन लाख कोटी रुपये आणि जमेच्या बाजूला एकच रुपया आहे, तेथे नावेच्या रकमेत रुपयाचीही चूक राहिली तर जमेचा रुपया सापडणार नाही. बिनतारी यंत्राचा सर्वांत जवळचा आणि सर्वांत मोठा गोंगाट स्वतःचाच असतो.

अंतराचा उपाय

पहिला उपाय सरळ होता: तोंड एका गावी आणि कान दुसऱ्या गावी ठेवणे. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये लघुलहरींची 'बीम' तारसेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे होते आणि ग्रहण केंद्र दौंड येथे. रेल्वेमार्गाने पाहता दोहोंमध्ये पाऊणशे किलोमीटरांहून अधिक अंतर. इंग्लंडमध्येही तीच रचना होती. लिंकनशायरच्या किनाऱ्यावर टेटनीहून संदेश निघत आणि स्केगनेसजवळ ते उतरत. मुंबईच्या पेढीची तार खडकीहून सुटे आणि विलायतेचे उत्तर दौंडला येई. खडकीची प्रचंड शक्ती दौंडला पोहोचेपर्यंत क्षीण होई, म्हणून दूरदेशीची मंद लहर तेथे स्पष्ट ऐकू येई.

वेळेची आणि पट्ट्यांची वाटणी

खिशातल्या यंत्राला दोन गावे देता येत नाहीत. तेथे दुसरा उपाय येतो, पाळीपाळीने बोलण्याचा. पोलिसांचा वॉकी-टॉकी असाच चालतो. पनवेल तालुक्यात ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. कोणत्याही विमानतळाप्रमाणे तेथेही वैमानिक आणि नियंत्रक एकाच वाहिनीवर आळीपाळीने बोलतात. दोघांनी एकदम बटण दाबले तर एकमेकांचे बोलणे दोघांनाही ऐकू येत नाही.

तिसरा उपाय लहरींचे पट्टे वाटून घेण्याचा. आपल्याकडील सुरुवातीच्या मोबाइल सेवेत फोन ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोले आणि ९३५ ते ९६० या पट्ट्यात ऐके. दोहोंमध्ये ४५ मेगाहर्ट्झचे अंतर ठेवून, फोनच्या आत एक सूक्ष्म गाळणी बसवलेली असे. ती ऐकण्याच्या वाटेवर स्वतःचा आवाज येऊ देत नसे. नारायणगावजवळ आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी उभ्या राहिलेल्या उपग्रह केंद्रातही हीच रीत होती: तबकडी एकच, पण पाठवण्याचा पट्टा वेगळा आणि घेण्याचा वेगळा. अहमदाबादच्या सुप्रसिद्ध जैन उद्योगपती घराण्यातील डॉ. विक्रम साराभाई यांच्या स्मरणार्थ या केंद्राला 'विक्रम' हे नाव देण्यात आले.

बाजारातील एक घातक सोय

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही. दाट वस्तीच्या पेठेत, तळघरातील गोदामात मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून काही दुकानदार बाजारात मिळणारा 'बूस्टर' बसवतात. त्याचा एक अँटेना गच्चीवर आणि दुसरा आत असतो. बाहेरचे ऐकून तो आत मोठ्याने बोलतो आणि आतले ऐकून बाहेर. दोन अँटेनांमध्ये पुरेसा आडोसा नसेल तर त्याचा स्वतःचा आवाज पुन्हा त्याच्याच कानात शिरतो, आणखी मोठा होऊन बाहेर पडतो आणि पुन्हा आत येतो. सभामंडपात ध्वनिक्षेपक जसा किंचाळतो तसाच हा बूस्टर लहरींमध्ये किंचाळतो. कानाला काहीच कळत नाही, पण टॉवरला आसपासच्या फोनचे बोलणे ऐकू येईनासे होते. शेजारच्या दवाखान्याचा फोन लागत नाही आणि कारण कोणालाच उमगत नाही. परवानाधारक दूरसंचार कंपनीखेरीज इतरांनी असा बूस्टर बसवणे भारतात बेकायदेशीर आहे. रेंज मिळत नसल्यास कंपनीकडे तक्रार करणे, किंवा जागेत इंटरनेट असल्यास वायफायवरून बोलण्याची सोय वापरणे, हाच निर्दोष मार्ग. न दिलेले न घेण्याचे अचौर्यव्रत येथेही लागू पडते, कारण लहरींचा पट्टा ही सर्वांची सामायिक मालमत्ता आहे.

आणि ती मालमत्ता महाग आहे. २०१० साली थ्रीजी सेवेच्या लिलावातून सरकारला सुमारे ६७,७१९ कोटी रुपये मिळाले. त्यात कंपन्यांनी घेतलेला प्रत्येक पट्टा जोडीने होता: पाच मेगाहर्ट्झ जाण्यासाठी आणि पाच येण्यासाठी. एकाच पट्ट्यावर एकाच वेळी बोलता आणि ऐकता आले, तर तेवढ्याच मालमत्तेत जवळजवळ दुप्पट काम होईल. मात्र हे व्यवहारात अशक्य आहे, असेच दीर्घकाळ मानले जात होते.

इचलकरंजीच्या तरुणाचे उत्तर

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी हे यंत्रमागांचे आणि कापड व्यापाराचे गाव. तेथील दिनेश भराडिया यांनी कानपूरच्या आयआयटीतून २०१० साली पदवी घेतली आणि पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रा. सचिन कट्टी यांच्या मार्गदर्शनाखाली हाच प्रश्न हाती घेतला. वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. आपण काय बोलत आहोत हे यंत्राला ठाऊक असते; तेवढे ऐकलेल्यातून वजा केले की झाले. पण प्रत्यक्षात वजाबाकी जमत नसे.

तिचे कारण मननीय आहे. यंत्राने जे बोलायचे ठरवले आणि त्याच्या मुखातून जे बाहेर पडले, त्यांत फरक पडतो. शक्ती वाढवणारे मंडल मूळ लहरीला किंचित विकृत करते आणि त्यात स्वतःची कुजबुज मिसळते. संकल्पातील शब्द वजा करून भागत नाही. प्रत्यक्ष उच्चारलेला शब्द त्याच्या सर्व दोषांसह वजा करावा लागतो. प्रतिक्रमणात श्रावक दिवसभरातील प्रत्यक्ष बोलण्या-वागण्याचे दोष आठवतो, नुसत्या हेतूंचे समाधान मानत नाही, त्यासारखेच हे आहे.

म्हणून भराडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजाबाकी दोन टप्प्यांत केली. अँटेनाकडे निघालेल्या खऱ्या लहरीची एक प्रत वाटेतच काढून घ्यायची, तिला कमीअधिक विलंबाच्या अनेक तारांतून फिरवून येणाऱ्या प्रतिध्वनीशी जुळवायची आणि उलटी करून मिसळायची. उरलेला अंश संगणकीय गणिताने काढायचा. २०१३ साली त्यांनी एकाच अँटेनावर चालणारे वायफाय यंत्र सादर केले. त्यात स्वतःचा आवाज दहा हजार कोटी पटींनी कमी झाला होता आणि माहितीची वाहतूक १.८७ पट झाली होती. या कार्यासाठी भराडिया यांना २०१६ साली मार्कोनी सोसायटीचा पॉल बॅरन तरुण संशोधक पुरस्कार मिळाला.

अजून सर्व फोन असे बोलत नाहीत. टॉवरची शक्ती वायफायपेक्षा पुष्कळ अधिक असते आणि एका पट्ट्यावर सगळेच एकदम बोलू लागले तर शेजाऱ्यांचा गोंगाट हा नवा प्रश्न उभा राहतो. स्वतःचे शब्द ठाऊक असतात, शेजाऱ्याचे नसतात. तरी केबलमधून येणाऱ्या इंटरनेटच्या नव्या मानकात एकाच पट्ट्यावर दोन्ही दिशांची वाहतूक करण्याची सोय करण्यात आली आहे. खडकी आणि दौंड यांच्यामध्ये जे अंतर ठेवावे लागले, ते काम आता तळहाताएवढ्या मंडलातील अचूक वजाबाकी करू लागली आहे.