थडग्यावरची वजाबाकी

अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात पोर्टलँड शहरी ‘लोन फर’ नावाची दफनभूमी आहे. लोन फर म्हणजे एकटा फर वृक्ष. येथे पहिले दफन १८४६ साली झाले. बैलगाड्यांतून सुमारे ३,२०० किलोमीटरची वाट तुडवत जे वसाहतकार त्या काळात या मुलखात आले, त्यांची थडगी अशा दफनभूमींत आढळतात. हल्ली तेथे हातात छोटे यंत्र आणि वही घेऊन दगड वाचत हिंडणारी माणसे भेटतात. ती कोडे सोडवीत असतात!

या खेळाचे नाव जिओकॅशिंग. जीपीएस उपग्रहांच्या नागरी संदेशात अमेरिकन सरकार पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत चुके. २ मे २००० रोजी ही भेसळ थांबली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी पोर्टलँडजवळच्या बीव्हरक्रीक येथे एक बादली लपवली आणि पत्ता जाहीर केला : उत्तर अक्षांश ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम रेखांश १२२ अंश २४.८०० मिनिटे.

मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे किती, हे वहीत काढून पाहा. अक्षांशाचे एक मिनिट सुमारे १,८५२ मीटरचे, म्हणून हजारावा भाग १.८५ मीटर. रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात. त्यामुळे ४५ अंशांवर रेखांशाचा हजारावा भाग १.३ मीटरच भरतो. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचे संदेश प्रकाशाच्या वेगाने येतात. घड्याळ एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाने चुकले, तर अंतर ३०० मीटरने चुकते. म्हणूनच उपग्रहात आण्विक घड्याळे बसवलेली असतात.

दफनभूमीच्या कोड्यात पत्त्यातील काही अंक गाळलेले असतात. ते दगडांवरच्या तारखांतून मिळवायचे. डबा पुष्कळदा दफनभूमीच्या बाहेरच असतो, आणि ते योग्यच आहे. दगड झिजलेला असेल तर त्यावर खडू मुळीच फासू नये. आरशाने सूर्यप्रकाश तिरपा पाडला, की पुसट अक्षरे स्वतःच्याच सावलीने उठून दिसतात.

खरी गंमत पुढेच आहे. एकोणिसाव्या शतकातील अनेक दगडांवर जन्मतारीख नसते; मृत्यूची तारीख आणि वय असते. समजा, मृत्यू ४ मार्च १८७१ आणि वय ५२ वर्षे ७ महिने २० दिवस. जन्म केव्हाचा? वंशावळी शोधणारे एक युक्ती वापरतात. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग लिहा : १८७१०३०४. तिच्यातून ५२०७२० वजा करा. उरले १८१८९५८४. यातून ८८७० वजा करा : १८१८०७१४, म्हणजे १४ जुलै १८१८.

हे ८८७० आले कोठून? आपण हातचा घेतला तो शंभराचा. पण महिना ३० दिवसांचा मानला, तर दिवसांच्या घरात ७० जास्त आले. वर्षाचे महिने १२, म्हणून महिन्यांच्या घरात ८८ जास्त आले. बस्स, एवढेच.

पण थांबा. मार्चच्या आधी फेब्रुवारी, आणि १८७१ चा फेब्रुवारी २८ दिवसांचा. १४ फेब्रुवारीपासून ४ मार्चपर्यंत १८ च दिवस होतात! खरे दिवस मोजले, तर जन्म १२ जुलै येतो. कोडे रचणाऱ्याने कोणती रीत धरली? या दोन दिवसांमुळे अक्षांशाच्या मिनिटात ०.०१४ ऐवजी ०.०१२ आले, तर चूक ३.७ मीटरची; झुडपाच्या या बाजूऐवजी त्या बाजूला शोधाल. पण तोच आकडा पूर्ण मिनिटांच्या जागी असेल, तर ३.७ किलोमीटर पायपीट! माझ्या मते चांगल्या कोडेकाराने असा दगड निवडूच नये.

शिवाय सर्वांनाच दगड मिळालेला नाही. लोन फरमध्ये २५,००० हून अधिक दफने झाली, पण हजारो जागी नावाची खूण नाही. एका कोपऱ्यात चिनी मजुरांना पुरले होते. विसाव्या शतकात त्याच जागेवर सरकारी इमारत उभी राहिली आणि पुढे ती पाडावी लागली. त्या मातीवर वजाबाकी करण्याजोगा एकही आकडा नाही.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. मृत्यू ९ नोव्हेंबर १८६८, वय ४० वर्षे ३ महिने २१ दिवस. येथे ८८७० वजा केलेत, तर एकोणिसावा महिना हाती येईल! मग किती वजा करायला हवे, आणि का?