पिल्लांच्या डोक्यावरचा मध



मधपेटी म्हटलं की आपल्याला दोन मजली पेटी आठवते. खाली पिल्लांचं घर, वर मधाची कोठी. पण स्पेन, युक्रेन या देशांत आडव्या पेट्याही वापरतात. एखाद्या लांबट संदुकीसारखी पेटी, एकच मजला, वर झाकण. आत खोल चौकटी एकीमागे एक टांगलेल्या. मग वरचा मजलाच नाही, तर माश्या मध ठेवतात कुठं?

माश्यांची मांडणी ठरलेली असते. राणी अंडी घालते ती बहुतेक दाराजवळच्या चौकटींत, पोळ्याच्या मधल्या आणि खालच्या भागात. पिल्लांभोवती परागाचा पट्टा, कारण पिल्लांना भरवायला तो हाताशी लागतो. त्याच्यावर, चौकटीच्या माथ्याला, मधाची कमान. ही चुलीजवळची बरणी. फुलोरा जोरात असला आणि ही बरणी भरली, की पुढचा मध दारापासून लांबच्या चौकटींत जातो. ती झाली कणगी.

फुलातून आणलेला मकरंद पातळ असतो. माश्या तो एकमेकींना देतात, कोषांत पसरतात, पंखांनी वारा घालतात. पाण्याचा अंश साधारण 20 टक्क्यांवर आला की मेणाचं झाकण लावतात. चौकटीचा निदान पाऊण भाग असा झाकलेला दिसला तरच मध काढावा. कच्चा मध आंबतो.

चौकट खोल का? युक्रेनच्या कडक थंडीत माश्या घोळका करून बसतात आणि डोक्यावरचा मध खात हळूहळू वर सरकतात. गारठ्यात शेजारच्या पोळ्यावर जाणं त्यांना जड जातं. म्हणून साठा त्याच पोळ्यात, वर लागतो.

आपल्याकडे तशी थंडी नाही, पण पावसाळा आहे. पहिल्या वर्षी आम्ही मे महिन्यात कोठीतला मध काढला. आणखी दोन बाटल्या भरतील म्हणून पिल्लांच्या चौकटींवरची कमानही कापली. आषाढात झड लागली. माश्यांना बाहेर पडता येईना, घरात दाणा नाही. आमच्या चारपैकी दोन पेट्या रिकाम्या झाल्या. बाटल्या दोन मिळाल्या, वसाहती दोन गेल्या.

आडव्या पेटीत भरलेली कोठी उचलावी लागत नाही, एकेक चौकट काढता येते. कंबरेला ते बरं. पण त्या पेट्यांचं माप युरोपियन माशीचं आहे. आपली सातेरी लहान, तिची पोळीही लहान. म्हणून माप तिकडचं घेऊ नका, नियम घ्या: कणगीतला मध आपला, पिल्लांच्या डोक्यावरचा त्यांचा.

यंदा मध काढण्याआधी गटाच्या बैठकीत वाटणी ठरवाल, तेव्हा माश्यांचा वाटा आधी बाजूला काढा. आम्ही आता तसंच करतो.