न मोजलेली थैली

वार्षिक अंकासाठी लेख मागताना आमच्या मराठीच्या सरांनी सांगितले, "तुला जे खरोखर माहीत आहे त्यावर लिही." मला खरोखर माहीत आहे तो एक कॉम्प्युटरवरचा खेळ. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू केला आणि होळीच्या आधी चार दिवस संपवला. सर क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं, लिही. पण न खेळणाऱ्यालाही कळेल असं लिही." तेव्हा ज्या गुरुजनांनी आणि मित्रमैत्रिणींनी असा खेळ कधी पाहिलेला नाही, त्यांना समोर ठेवून हे लिहीत आहे.

खेळाचे नाव 'अल्टिमा चार : क्वेस्ट ऑफ द अवतार'. १९८५ साली अमेरिकेत 'ॲपल टू' या कॉम्प्युटरसाठी तो प्रथम निघाला. कर्त्याचे नाव रिचर्ड गॅरियट. त्याचे वडील ओवेन गॅरियट हे अंतराळवीर, १९७३ साली स्कायलॅबमध्ये राहून आलेले. २००८ साली मुलगाही अंतराळात जाऊन आला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. एकाच घरातले बापलेक दोघेही आकाशात जाऊन येतात, ही गोष्ट मला सगळ्या खेळापेक्षा अद्भुत वाटली. असो.

हा खेळ माझ्या वाट्याला आला तो गरजेपोटी. मामेभावाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला. त्यावर नवे खेळ उघडतसुद्धा नाहीत. 'अल्टिमा चार' मात्र २०११ पासून मोफत मिळतो आणि असल्या म्हाताऱ्या यंत्रावरही चालतो. चित्रे म्हणाल तर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. माणूस म्हणजे चार ठिपके, झाड म्हणजे सहा. पहिल्या दिवशी मी हसले होते.

या जातीच्या खेळांत आपण एका पात्राची भूमिका घेतो. त्या पात्राने देशोदेशी हिंडायचे, राक्षसांशी लढायचे, सोने आणि बळ कमवायचे आणि शेवटी एका महादुष्टाला मारायचे. गॅरियटचे पहिले तीन अल्टिमा (१९८१, १९८२ आणि १९८३) असेच होते. त्यातले दुष्ट अनुक्रमे मोंडेन, मिनॅक्स आणि एक्झोडस. परंतु तिसऱ्या खेळाच्या वेळी त्याने स्वतःची कंपनी काढली, आणि खेळणाऱ्यांची पत्रे थेट त्याच्या हाती पडू लागली. त्यांवरून त्याच्या ध्यानात आले की लोक जिंकण्यासाठी वाटेल ते करतात. दुकाने लुटतात, गावकऱ्यांना मारतात, आणि अखेर खेळ त्यांनाच वीर म्हणून गौरवतो. आपण हे काय शिकवतो आहोत, असा त्याला प्रश्न पडला. म्हणून चौथ्या खेळात त्याने दुष्टच काढून टाकला. मारायला कोणी नाही. ब्रिटानिया नावाच्या राज्यात सुबत्ता आहे, शांतता आहे. राजाला हवा आहे तो फक्त सद्गुणांचा एक जिवंत नमुना. तो आपण व्हायचे. त्या नमुन्याला नाव दिले आहे 'अवतार'.

शब्द आपला आहे, पण अर्थ उलटा झाला आहे. 'अव' म्हणजे खाली आणि 'तॄ' म्हणजे तरणे. आपल्याकडे देव खाली उतरतो तेव्हा त्याला अवतार म्हणतात. इथे माणूस वर चढतो. शिवाय गळ्यात इजिप्तचे चिन्ह, देवळात जपायला मंत्र, आणि त्यांतला एक चक्क 'ओम्' ! हा सगळा चिवडाच आहे. पण खाताना बरा लागतो, हेही कबूल केले पाहिजे.

सद्गुणांची मांडणी मात्र चिवडा नाही. मुळाशी तीन तत्त्वे : सत्य, प्रेम आणि धैर्य. नुसत्या सत्यातून प्रामाणिकपणा, नुसत्या प्रेमातून करुणा, नुसत्या धैर्यातून शौर्य. सत्य आणि प्रेम मिळून न्याय. प्रेम आणि धैर्य मिळून त्याग. सत्य आणि धैर्य मिळून आब. तिन्ही एकत्र आली की अध्यात्म. आणि तिन्हींपैकी एकही नाही, त्या रिकाम्या जागी काय? तीन गोष्टी घेण्या-न घेण्याचे प्रकार आठच होतात, म्हणून आठवा उरतो. तिथे त्याने विनम्रता ठेवली आहे. तत्त्वांचा अभाव असेल तिथे गर्व येतो आणि गर्वाच्या उलट विनम्रता, असा त्यामागचा विचार. मला ही युक्ती गणिताच्या सोयीची वाटली होती. पुढे मत बदलले.

खेळाच्या आरंभी एक भविष्य सांगणारी बाई सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण एकमेकांसमोर उभे असतात आणि एकाला हरवावेच लागते. त्यातला एक मी विसरू शकत नाही. तुमच्या हाती न मोजलेल्या सोन्याची थैली दिली आहे, ती कुणाला तरी पोचवायची आहे. वाटेत भिकारी भेटतो. थैली तशीच पोचवाल, की कळणार नाही म्हणून त्यातले एक नाणे त्याला द्याल? मी नाणे दिले. अशी उत्तरे देता देता शेवटी विनम्रता उरली आणि मी झाले मेंढपाळ. आठ व्यवसायांतला हा सगळ्यांत दुबळा. गावही मिळाले मॅजिन्सिया. गर्वाने नाश पावलेले ते ओसाड शहर, आणि त्यात भुते. पहिल्याच दिवशी मी तीनदा मेले.

खेळ इंग्रजीत आहे आणि तेही जुन्या वळणाच्या. त्यातल्या 'दाउ' आणि 'दी'साठी इंग्रजीच्या मॅडमना दोनदा त्रास दिला. भेटेल त्या माणसाशी बोलायचे ते शब्द टाइप करून. आधी 'नेम', मग 'जॉब', मग त्याच्या उत्तरातलाच एखादा शब्द पकडून पुढे. कोण काय म्हणाले याची नोंद खेळ ठेवत नाही, आपण ठेवायची. माझी दोनशे पानी वही भरली. आकाशात दोन चंद्र आहेत. एकाच्या कलेवरून दूरच्या गावी नेणारे दार कुठे उघडेल ते ठरते, आणि दुसऱ्याच्या कलेवरून ते कुठे नेईल ते. त्याचा तक्ता मी पंचांगासारखा भिंतीवर लावला होता.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या वागण्याचे गुण खेळ मोजत असतो, पण दाखवत नाही. आठ सद्गुणांचे आठ छुपे हिशेब. गावात दुसऱ्याची पेटी उघडली की कमी. दुष्ट प्राण्यापुढून धडधाकट असताना पळालात तर कमी. निरुपद्रवी प्राण्याला जाऊ दिले तर जास्त. वैद्याकडे रक्त दिले तर त्यागाच्या खात्यात जमा. आणि एखाद्या दुकानात मंत्रांना लागणारी द्रव्ये, म्हणजे लसूण, गंधकाची राख, कोळ्याचे जाळे वगैरे, विकणारी आंधळी बाई बसलेली असते. ती किंमत सांगते आणि विचारते, किती देतेस? तुम्ही आकडा टाइप करायचा. तिला दिसत नाही. जो आकडा टाकाल तो ती घेते.

मी एक टाकला. तीस मोहरांचा माल एका मोहरेत. पुढचे दहा-बारा दिवस मी असेच केले आणि स्वतःला हुशार समजले. मग राजवाड्यातल्या हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला माझ्या प्रामाणिकपणाबद्दल विचारले, तर मला अजून फार मोठा पल्ला गाठायचा आहे असे काहीसे तो म्हणाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

इथे खेळाबाहेरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझी आजी मंगळवारच्या बाजारात मिरच्या, कोथिंबीर, शेंगा विकायला बसते. नोट ती हाताने ओळखायची. २०१६ नंतर नव्या आकाराच्या नोटा आल्या, त्यातच डोळ्यांत मोतीबिंदू. तिची बोटे अडखळू लागली. मी तेव्हा पाचवीत. बाजार उठला की पैसे मोजून द्यायचे काम माझ्याकडे आले. "मोजलंस का गं?" ती विचारायची. "मोजले," मी म्हणायची. त्यातली दहाची, कधी वीसची नोट माझ्या दप्तरात जायची. दोन वर्षांनी आजीचे ऑपरेशन झाले, तिला दिसू लागले, माझे काम संपले. ही गोष्ट कधी निघाली नाही.

आंधळ्या बाईपुढे तो 'एक' टाइप करताना मला आजी आठवली होती का? नाही. द्रष्ट्याने सांगितल्यावर आठवली, म्हणजे हिशेब कुठेतरी लिहिला जातो हे कळल्यावर.

त्यानंतर मी सद्गुणी झाले, पण ते कसे तेही सांगते. भिकाऱ्याला एक नाणे दिले तरी करुणा वाढते, म्हणून मी एक नाणे द्यायची, चार फेऱ्या मारायची आणि पुन्हा एक द्यायची. आंधळ्या बाईकडून गरज नसताना थोडी थोडी लसूण घ्यायची, पूर्ण पैसे मोजून, केवळ गुण वाढावेत म्हणून. नीतिशास्त्राच्या तासाला कांट शिकताना हे टोचले. १७८५ साली, म्हणजे या खेळाच्या बरोबर दोनशे वर्षे आधी, कांटने एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. तो अजाण गिऱ्हाइकाला फसवत नाही, पण धंदा टिकावा म्हणून. त्याच्या या वागण्याला नैतिक मोल नाही, असे कांट म्हणतो. मग माझ्या लसणीला काय मोल? ॲरिस्टॉटल मात्र म्हणेल, न्यायाने वागत वागतच माणूस न्यायी होतो, चालू दे तुझे. खेळ ॲरिस्टॉटलच्या बाजूचा आहे. त्याला कृती दिसते, मन दिसत नाही. याचा फटकाही मला बसला. प्रामाणिकपणाचा अष्टमांश मिळून गेल्यावर एका रात्री झोपेत टाइप करताना शेवटचे शून्य राहिले, बाईला कमी पैसे गेले, आणि अष्टमांश तत्काळ काढून घेतला गेला. चूक होती, चोरी नव्हती, पण हे कोणाला सांगणार? परत सगळे मिळवायला आठवडा गेला.

शेवट एका आठ मजली पाताळात आहे. प्रत्येक मजल्यावर त्या त्या सद्गुणाचा रंगीत खडा ठेवायचा. तळाशी एक परवलीचा शब्द लागतो. त्याचे तीन तुकडे तीन किल्ल्यांत विखुरलेले असतात. मग प्रश्न, आणि सर्वांत शेवटचा प्रश्न असा की त्याचे उत्तर कोणी सांगत नाही. आठ देवळांत ध्यान पूर्ण झाल्यावर एकेक अक्षर दिसलेले असते, ती आठ अक्षरे जुळवावी लागतात. उत्तर इथे लिहीत नाही. कोणी खेळले तर रस जाईल. ते टाइप केल्यावर ज्ञानाचा ग्रंथ दिसतो, हा शोध जन्मभराचा आहे असे सांगितले जाते आणि आपल्याला आपल्या जगात परत पाठवले जाते. रात्रीचे दोन वाजले होते. खोलीतल्या मुली झोपल्या होत्या.

होळीला घरी गेले तेव्हा आजीला आंधळ्या दुकानदारणीची गोष्ट सांगितली, माझी नव्हे. आजीने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "कमी पैसे मिळाले तरी ती दुसऱ्या दिवशी तेवढाच माल लावते?"

"हो."

"मग तिचं भागतं कसं?"

मला उत्तर देता आले नाही. खरोखरच त्या बाईचे काही कमी होत नाही. लसूण संपत नाही, ती उपाशी राहत नाही, दुकान बंद पडत नाही. खेळात आठ हिशेब आहेत आणि आठही माझे आहेत : माझा प्रामाणिकपणा, माझी करुणा, माझा आब. तिचा एकही नाही. दुष्ट काढून टाकणाऱ्या गॅरियटला मी थोर मानते, अजूनही मानते. पण फसवणुकीत दुसऱ्याचे काय जाते हे मांडायला त्याच्या खेळात जागा नाही. ते आजीला एका वाक्यात दिसले. विनम्रतेची रिकामी जागा मला आता गणिताची सोय वाटत नाही, ती यामुळे. आपला हिशेब पुसल्याशिवाय दुसऱ्याचा दिसत नसावा.

वसतिगृहात परत आल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर मी एक हिशेब मांडून पाहिला. पाचवीपासूनचे मंगळवार, आठवतील तेवढ्या नोटा. तीनशे चाळीस रुपयांपर्यंत आठवले. पुढचे जुळत नाही. आजीला मी अजून सांगितलेले नाही. तिला वाचता येत नाही, पण अंक घरी गेला की धाकटा भाऊ तिला माझा लेख वाचून दाखवील.