किहीमचा तय्यबजी-संबंध व टिळकांचा जामीन

अलिबागेच्या उत्तरेस समुद्रकांठीं किहीम हें गांव आहे. आंगऱ्यांच्या आरमारामुळें या किनाऱ्यावरील जुन्या कागदांकडे संशोधकांचें लक्ष असतें; परंतु मुंबईच्या तय्यबजी घराण्याचा येथील संबंध त्या मानानें उपेक्षित राहिला आहे. या घराण्याच्या आप्तांपैकीं पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनीं इ. स. १९३० त सुगरण पक्ष्याचें प्रसिद्ध निरीक्षण किहीम येथेंच केलें. त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनींच त्यांचा बाळपणीं सांभाळ केला होता.

या कुळांतील सर्वांत थोर पुरुष न्या. बद्रुद्दीन तय्यबजी. घराणें मूळ खंबायतचें, सुलेमानी बोहरा पंथाचें. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजीं मुंबईस झाला. १८६७ त विलायतेहून परतून ते मुंबई हायकोर्टांतील पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. १८८२ त कायदेकौन्सिलांत नेमणूक, १८८७ त मद्रासच्या राष्ट्रीय सभेचें अध्यक्षपद व १८९५ त न्यायाधीशपद, असा त्यांचा चढता क्रम आहे.

महाराष्ट्रास त्यांचें स्मरण विशेषतः एका निर्णयामुळें राहावें. २७ जुलै १८९७ रोजीं लोकमान्य टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. जामिनाचे आरंभींचे अर्ज फेटाळले गेले. परंतु पुढें न्या. तय्यबजींनीं तो मंजूर केला. आरोपी सुनावणीस हजर राहील कीं नाहीं, हा जामिनाचा मुख्य प्रश्न होय. आरोपीस बचावाची तयारी मोकळेपणीं करतां यावी, हें त्या निर्णयाचें फळ. पुढें टिळकांस शिक्षा झाली, तरी त्यामुळें या निर्णयाचें मोल उणें होत नाहीं. १९०६ त न्या. तय्यबजी लंडन येथें निवर्तले.

सरकारी दप्तरांतून त्यांचें सार्वजनिक चरित्र सिद्ध होतें. घरगुती चरित्रास मात्र निराळें साधन पाहिजे. या घराण्यांत 'अखबार' नांवाच्या वह्या राखण्याची चाल होती. स्त्रीपुरुष, लहानथोर सर्वजण त्यांत येण्याजाण्याचा, भेटींचा व आजारपणाचा वृत्तांत लिहीत. भाषा मुख्यतः उर्दू. स्त्रियांच्या हातचें इतकें सलग लेखन आपल्याकडे विरळा आढळतें.

म्हणून संग्राहकांनीं अशी वही हातीं आल्यास पानें सुटीं करूं नयेत, व ती ज्या घरांतून मिळाली त्याचें नांव व गांव टिपून ठेवावें. ठिकाण तुटलें कीं कागदाचा अर्धा पुरावा जातो.