१४० कोटी वर्षांचं तेल

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत, मॅकार्थर द्रोणीच्या परिसरात, १९८०च्या दशकात सरकारी भूवैज्ञानिकांनी उरापुंगा-४ नावाचं बोअर घेतलं. वर आलेल्या काळ्या शेलच्या कोअरमधून चक्क तेल पाझरत होतं. वाळका डाग नव्हे, ओलं तेल. ‘वेल्केरी’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या थराचं वय सुमारे १४० कोटी वर्षं. तेव्हा जमिनीवर झाडं नव्हती, पाण्यात मासे नव्हते. समुद्रात सूक्ष्मजीव होते आणि हे तेल त्यांचंच.

जॅक्सन, पॉवेल, समन्स आणि स्वीट या संशोधकांनी १९८६ साली ‘नेचर’मध्ये इथल्या १७० कोटी वर्षांपर्यंतच्या खडकांतले तेलाचे पुरावे मांडले. इतका जुना खडक तेलाच्या बाबतीत बाद, हा समज त्यामुळे ढिला पडला. माझ्या मते या शोधाचं खरं मोल इथेच आहे: खडक किती जुना यापेक्षा तो किती तापला, हे महत्त्वाचं.

तेल तयार होतं ते सोर्स रॉकमध्ये. प्राणवायू नसलेल्या तळाशी गाळाबरोबर जैविक अवशेष गाडले जातात आणि त्यांचं केरोजेन बनतं. थर खोल जाऊन साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला लाखो वर्षं राहिला, तर केरोजेनपासून तेल सुटतं. पारा दीडशेच्या पुढे गेला की मुख्यतः वायूच मिळतो.

हे तपासायला खडकाची चिमूटभर पूड पुरते. फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेत १९७०च्या दशकात विकसित झालेल्या ‘रॉक-इव्हल’ यंत्रात ती निष्क्रिय वायूच्या प्रवाहात तापवतात. ३०० अंशांला आधीच तयार असलेलं तेल वाफ होऊन निघतं. मग तापमान मिनिटाला २५ अंशांनी वाढवत नेलं की केरोजेन फुटतं आणि आलेखावर दुसरा उंचवटा उमटतो. त्याचं शिखर ४३५ अंशांच्या आसपास असेल तर खडक नुकता तेल देऊ लागलेला. ४७०च्या पुढे सरकलं तर तेलाचा काळ सरलेला. जोडीला सेंद्रिय कार्बन मोजतात. दोन टक्के असला तरी खडक चांगला मानतात, आणि वेल्केरीचे काही थर चार टक्क्यांच्याही पुढे आहेत. हे आकडे मात्र आज उरलेल्या मालाचे. तेल निघून गेलं की कार्बन आणि हायड्रोजन दोन्ही घटतात, त्यामुळे मूळ साठा उलटा हिशेब करून काढावा लागतो.

खडक किती तापला हे सांगणारं सगळ्यात भरवशाचं माप म्हणजे व्हिट्रिनाइटची चकाकी. पण व्हिट्रिनाइट येतं लाकडापासून, आणि इथे लाकूडच नाही! मग घट्ट झालेल्या बिट्यूमेनची चकाकी मोजायची, तेलातल्या रेणूंची गुणोत्तरं पाहायची, आणि सगळ्यांची साक्ष जुळते का ते तपासायचं. त्यातही ड्रिलिंगच्या द्रवातलं आजचं तेल कोअरला लागलं तर निष्कर्ष फसतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या २७० कोटी वर्षांच्या खडकांत सापडलेले म्हणून गाजलेले जैवरेणू असेच बाहेरून आलेले होते, हे २०१५मध्ये अतिशय स्वच्छपणे काढलेल्या कोअरवरून दिसलं.

वेल्केरीत आणखी एक गुंता आहे. थर साचून गेल्यावर, सुमारे १३१ ते १३३ कोटी वर्षांपूर्वी, त्यात डोलेराइटचा तप्त रस घुसला. त्याच्या लगतचा शेल करपला; थोडं दूर गेलं की तोच थर शाबूत. म्हणून एका बोअरवरून अख्ख्या द्रोणीचा अंदाज बांधणं धोक्याचं.

तुलनेसाठी आपलं मुंबई हाय बघा: त्याचं तेल मुख्यतः पन्ना थरातल्या पाच-सहा कोटी वर्षांच्या शेलमध्ये तयार झालं आणि तिथून निघून वरच्या चुनखडकात साठलं. वेल्केरीतलं बरंचसं तेल आणि वायू मात्र जन्मखडकातच अडकून राहिलंय. याच द्रोणीतल्या बीटालू भागात ते मिळवायचं तर खडक दाबानं फोडावा लागतो. त्याला २०१६मध्ये स्थगिती आली, चौकशी झाली, आणि २०१८मध्ये अटींसह परवानगी मिळाली. याच थरांच्या वर केंब्रियन काळातल्या चुनखडकात भूजलाचा मोठा साठा आहे. तिथले आदिवासी समाज आणि पशुपालक त्यावर जगतात, मटारांकाच्या झऱ्यांनाही पाणी तिथूनच येतं. त्यामुळे शेलइतकाच हा चुनखडकही बारकाईनं तपासला जायला हवा, आणि तोही वायू काढण्याआधी.