अठरावा वाढदिवस आणि पालकत्वाचा कागद

भाट्ये येथील सुरूच्या बनात सायंकाळी फिरावयास येणारे आमचे एक व्यापारी स्नेही परवा म्हणाले, "साहेब, मुलाला पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होतात. त्याच्या नावावरच्या ठेवीचे काय करायचे?"

मुलास जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. तो बसू शकत नाही, बोलत नाही. इतक्या वर्षांत त्याची आई एक रात्रही घराबाहेर राहिलेली नाही. आपल्याकडे वैयावृत्त्याची गणना अभ्यंतर तपात होते. या माउलीच्या तपाची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही.

शासनाने तरी? दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, पण तो शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना आता दरमहा २,५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवे. दुकानदाराने त्या रांगेत उभे राहू नये, हे योग्यच.

उत्पन्न न पाहणाऱ्या सवलती मात्र आपण उगाच सोडतो. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-डीडीने ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्वासाठी सव्वा लाखाची वजावट दिली, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. नव्या करपद्धतीत ती मिळत नाही. म्हणून हिशेब दोन्ही पद्धतींनी मांडून पाहावा.

या साऱ्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. स्नेह्यांनी ते काढलेच नव्हते. "धाकटीचे स्थळ पाहायचे आहे, सरकारी कागदावर नाव कशाला?" बँकेत असताना हेच वाक्य मी अनेक घरांतून ऐकले आहे.

आणि खरी अडचण पुढेच आहे. मूल सज्ञान झाले की आईवडिलांचा नैसर्गिक पालक म्हणून असलेला सहीचा अधिकार संपतो. ठेव मुलाची, सही त्याला करता येत नाही, आणि बापाची चालत नाही! यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सोय आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. तिचे प्रमाणपत्र बँका स्वीकारतात. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही.

पुढील आठवड्यात आम्ही दोघे जिल्हा रुग्णालयात जाणार आहोत. मुलाला गाडीत कसे न्यायचे, ते त्याची आई ठरवील.