लालबागची पुरणपोळी आणि आपला युरिया

होळीला आम्ही लालबागच्या चाळीत एका सभासदाच्या बहिणीकडे उतरलो होतो. सासऱ्यांची गिरणी १९८२ च्या संपात सुटली, पण सणाला गूळ अजून गावचाच, भावाच्या गुऱ्हाळातला. ताई म्हणाल्या, "साहेब, गूळ घातला की पुरण पातळच होतं. पोळी फुटते." डाळ बोटचेपी शिजलेली, कट नीट निथळलेला. गूळ हातात घेतला, तर चिकट, पाणी सुटलेला! मोठ्या बांधणीनंतरही उसाला युरिया टाकला की रस बिघडतो, ढेप घट्ट बसत नाही. आम्ही बांधावर उभं राहून सांगितलं होतं, ऐकतो कोण? शेवटी कालथा उभा राहीपर्यंत पुरण मंद आचेवर आटवलं, तेव्हा पोळ्या जमल्या. "दादाला सांगू नका हं," ताई म्हणाल्या. सांगितलं नाही, इथे फक्त लिहिलं.